थर्मोस्टॅट काढला की गाडी गरम होत नाही? उलटंय
सोलापुरात एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर गेला की सल्ला ठरलेला, "थर्मोस्टॅट काढून टाक की, आपल्याकडं काय बर्फ पडतोय का!" मी पण ऐकलं होतं, काढला, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला टेंपरेचरचा काटा परत वरच.

मुळात थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनचं पाणी तापलं की रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह, तो ८२-८८ डिग्रीला उघडतो, म्हणजे बाहेर ४४ असलं तरी इंजिनला ते गारच. आणि बऱ्याच गाड्यांत तोच व्हॉल्व्ह बायपासची वाट पण बंद करतो, तो काढला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं, मग गार होणार कुठून? वर हायवेला इंजिन पुरेसं तापत नाही, ॲव्हरेज पडतं ते वेगळंच.

खराब झालाय का बघायचं तर दोऱ्याला बांधून पातेल्यात लटकवा (जुनं पातेलं घ्या, घरात भांडण नको), पाणी तापवा, उकळायच्या आत उघडला तर चांगलाय.

माझ्या गाडीत दोष फॅनच्या रिलेचा (फॅन चालू-बंद करणारा स्विच) निघाला. ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोहोळकडं पळवली की उतरते, तर आधी फॅन, रिले, फ्यूज बघा. पळताना तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का ते बघा, बोअरचं पाणी ओतून ओतून आत क्षार धरतो, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच टाका. आणि रेडिएटरची कॅप गरम असताना अजिबात उघडू नका, इंजिन पूर्ण गार होऊ द्या.