मालिशने लॅक्टिक ॲसिड ‘निघून’ जात नाही

सिंहगड उतरून आलं की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. मग कुणीतरी सांगतंच, ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय, मालिश करून घे, निघून जाईल.’ हे खरं नाही. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं) साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकतं. हृदय तर ते इंधन म्हणून जाळतं. दुखणं मात्र 24 ते 72 तासांत सर्वाधिक असतं. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यात त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखतं ते त्यामुळे.

मग मालिश वाया का? मुळीच नाही. दुखणं थोडं कमी वाटतं, अंग सैलावतं, आणि त्यासाठी खेळाडूच असावं लागतं असंही नाही.

मुलांबाबत मात्र कळकळीने सांगते, ‘जोरात रगडलं तरच गुण येतो’ हे डोक्यातून काढा. हात हलका ठेवा, मूल ‘नको’ म्हणालं की थांबा. कबड्डी खेळणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखत असेल, तर तिथल्या वाढत्या हाडावर ताण आलेला असू शकतो. तो भाग रगडू नका, डॉक्टरांना दाखवा.