कॅनडातील इंडियन दर्जा व जमात-सदस्यत्व

कॅनडात एखादी व्यक्ती कायद्याने ‘इंडियन’ आहे की नाही, हे १८७६ च्या इंडियन अ‍ॅक्टनुसार केंद्र सरकार ठरवते. येथे इंडियन म्हणजे तेथील फर्स्ट नेशन्स जमातींचे लोक. इन्यूइट व मेटिस हे आदिवासी समूह या नोंदणीत येत नाहीत. दर्जा मिळाला की नाव सरकारी नोंदवहीत चढते आणि ओळखपत्र मिळते. त्यामुळे औषधोपचाराच्या खर्चाला मदत होते, राखीव भूमीवरच्या मिळकतीला करमाफी असते. सरकारशी झालेल्या ‘क्रमांकित’ करारांपैकी बहुतेकांतील जमातींच्या सदस्यांना वर्षाला ५ डॉलर मिळतात. ही रक्कम मुळात एकोणिसाव्या शतकात ठरली आणि अजून तेवढीच आहे.

नोंदवहीचा मूळ हेतू माणसे कमी करण्याचा होता. १८५७ पासून ‘नागरिकत्व’ देण्याच्या नावाखाली दर्जा काढून घेण्याची सोय होती. १८७६ च्या कायद्यात तर विद्यापीठाची पदवी घेणारा, वकील किंवा डॉक्टर होणारा इंडियन राहत नसे. १८६९ पासून इंडियन नसलेल्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या स्त्रीचा व तिच्या मुलांचा दर्जा जाई. पुरुषाने बाहेरची बायको केली तर मात्र तिलाच दर्जा मिळे. १९५१ च्या दुरुस्तीने केंद्रीय नोंदवही सुरू झाली आणि हा भेद कलम १२(१)(ब) मध्ये पक्का झाला.

जेनेट कॉर्बिएर लॅव्हेल आणि इव्हॉन बेडार्ड यांनी या कलमाला आव्हान दिले. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या ५ विरुद्ध ४ मतांनी हरल्या. सर्व इंडियन स्त्रियांना सारखेच वागवले जाते, मग असमानता कुठे, असा बहुमताचा अजब युक्तिवाद होता. न्यू ब्रन्सविकमधील टोबिकच्या सँड्रा लव्हलेस यांनी मग संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे दाद मागितली. १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी धरले.

१९८५ च्या सी-३१ विधेयकाने लग्नाचा नियम गेला आणि लाखाहून अधिक लोकांना दर्जा मिळाला. पण भेद पुढच्या पिढ्यांवर ढकलला गेला. कलम ६ खाली ६(१) आणि ६(२) असे दोन वर्ग झाले: ६(१) मधल्या व्यक्तीला दर्जा नसलेल्या जोडीदारापासून झालेले मूल ६(२) मध्ये जाते; ६(२) मधल्या व्यक्तीला असे मूल झाले, तर ते नोंदवहीत येत नाही. समजा, सख्ख्या बहीण-भावाने १९६० च्या सुमारास बाहेर लग्ने केली. भावाच्या बायकोला लग्नाने दर्जा मिळाला, म्हणून त्याची मुले ६(१), बहिणीची ६(२). दोघांच्याही मुलांनी १९८५ नंतर बाहेरच लग्ने केली, तर भावाची नातवंडे ६(२) मध्ये बसत आणि बहिणीची बाहेर राहत. नेमक्या याच फरकावर शॅरन मॅकआयव्हर यांनी २००९ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयात निकाल मिळवला. त्यानंतरचा सी-३ कायदा (२०११) फक्त त्या निकालापुरता होता. मग अशाच भेदाविरुद्धचा क्वेबेकमधील देशेनो खटला (२०१५) आणि त्यातून एस-३ कायदा (२०१७) आला. त्यातली १९५१ ची कालमर्यादा ऑगस्ट २०१९ मध्ये हटली, तेव्हा कुठे थेट १८६९ पर्यंतच्या स्त्रियांचे वंशज पात्र झाले. न्यायालयाने कान धरल्याशिवाय संसद हलली नाही, आणि हलली तीही जेमतेम.

दर्जा म्हणजे सदस्यत्व नव्हे. कलम १० नुसार १९८५ पासून जमात स्वतःचे सदस्यत्व-नियम करू शकते, त्यामुळे दर्जा आहे पण गावात जागा नाही, असे होऊ शकते. अल्बर्टातील सॉरिज जमातीने दर्जा परत मिळालेल्या स्त्रियांना दीर्घकाळ रोखून धरले; २००३ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांची नावे चढवण्याचा आदेश दिला. माँट्रियलजवळच्या काहनावाके येथील मोहॉक समाजात बाहेर लग्न करणाऱ्याने गाव सोडावे, असा नियम होता. क्वेबेकच्या वरिष्ठ न्यायालयाने २०१८ मध्ये तो भेदभावकारक ठरवला. मात्र तेथील नियमाचे समर्थक म्हणत, आमचे कोण हे ओटावाने, म्हणजे केंद्र सरकारने, का ठरवावे? हा मुद्दा पोकळ नाही. राखीव भूमी मर्यादित आहे, आणि सरकार दर्जा देते तेव्हा घरे-जमीन देत नाही.

‘नागरिकत्वा’पायी दर्जा गेलेल्यांच्या वंशजांसाठीचे सी-३८ विधेयक २०२५ च्या आरंभी संसदेचे अधिवेशन संपल्याने बारगळले. त्याच वर्षी ते एस-२ म्हणून सिनेटमध्ये मांडले गेले. दुसऱ्या पिढीनंतर दर्जा तोडणारा ६(२) चा नियम हटवण्याची तरतूद मूळ मसुद्यात नव्हती.