बुवांनी भजन बदललं की भक्तिगीत गायलं?

आमच्या खानापूरकडच्या एका भजनी बुवांचं नवीन गाणं सध्या सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतंय. कीबोर्ड, बासरी, एकदम हळू आवाज, आणि गावातली जुनी माणसं म्हणतायत बुवांनी भजन बिघडवलं. त्यांना लागणारच, माउलींच्या पालखीचे घोडे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून जातात, ही परंपरा घरातली आहे. पण इथं गल्लत होतेय ती शब्दांमुळे.

शब्द तुकोबांचेच आहेत, 'सुंदर ते ध्यान उभे विटेवरी', पण अभंग हा छंद आहे, इथं ६-६-६-४ अक्षरांचा, तो भजनातही बसतो आणि भक्तिगीतातही. 'इंद्रायणी काठी' मोजून बघा, तसंच भरतं, आणि ते तर गदिमांनी १९५३ च्या सिनेमासाठी लिहिलेलं.

भजनात मधे वीणेकरी, दोन्ही बाजूला टाळकरी, डाव्या तोंडाला कणीक लावलेला पखवाज, 'रूप पाहता लोचनी' झाल्यावर बुवा चाल धरतात, ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, टाळकरी उचलतात, मग पुढचं चरण, परत ध्रुपद, लय चढत चढत शेवटी गजर, एकच अभंग किती वेळ चालेल ते आधी कुणालाच माहीत नसतं. काळी पाचवर, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत, गातात तेही उगाच नाही, माईक नसताना टाळांच्या वर आवाज जायला पाहिजे होता. भक्तिगीतात माईक ओठाजवळ असतो, म्हणून पट्टी खाली येते, श्वाससुद्धा ऐकू येतो. चार-पाच मिनिटांत सगळं ठरलेलं, कोरससुद्धा आधी बसवलेला. चोर्ला घाटात रात्री एकटा गाडी चालवणाऱ्याला ते गाणं सोबत करतं, आणि मला ते मनापासून आवडतं.

हळू म्हणजे भक्तिगीत असंही नाही बरं का, पहाटेच्या काकड्याला किती हळुवार गातात, तरी ते भजनच. बघायचं एवढंच, ध्रुपद कोण उचलतं.

पण यंदाच्या सप्ताहात कुणीतरी स्पीकरवर तोच ट्रॅक लावला आणि वीसेक टाळकरी टाळ मांडीवर ठेवून नुसते बसले, ते बघून मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, "बुवा, गाणं लई गोड झालंय, पण देवळात ट्रॅक नको ओ." त्यांनी स्पीकर बंद करायला लावला, पेटी पुढं ओढली आणि तोच अभंग काळी पाचवर धरला.