रशियन सहकाऱ्यांसोबत काम करताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे भाषांतर व दुभाषी सेवेचे छोटे कार्यालय पुण्यात आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणारे उद्योजक, औषधनिर्मितीतील मंडळी आणि द्राक्ष-बेदाण्याचे निर्यातदार असे सर्व प्रकारचे ग्राहक आमच्याकडे येतात. करारातील कलमांचे भाषांतर आम्ही चोख करून देतोच. परंतु बैठकीत बिनसते ते बहुधा एका बाजूने सहज म्हटलेल्या आणि दुसऱ्या बाजूने शब्दशः धरलेल्या एखाद्या वाक्यावरून, असे आम्हांला वारंवार दिसले आहे. हे पत्रक त्यासाठी आहे. निर्बंध आणि पैशांची देवाणघेवाण यांविषयी आपण आपल्या बँकेचा व सनदी लेखापालांचा सल्ला घ्यावा.

पहिला प्रश्न संबोधनाचा. रशियन नावाची घडण मराठी माणसाला ओळखीचीच वाटेल, कारण त्यातही स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. सर्गेय इवानोविच पेत्रोव म्हणजे इवान यांचा मुलगा सर्गेय, आणि त्यांची बहीण असेल तर ती ओल्गा इवानोव्ना पेत्रोवा. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीच्या नावात पतीचे नाव मधे येते, तसे तिकडे होत नाही. वडिलांचे नाव आयुष्यभर कायम राहते. मान देऊन बोलायचे असेल तेव्हा आडनाव न घेता ‘सर्गेय इवानोविच’ असे म्हणावे, आणि पत्रातही ‘सर’ किंवा ‘मॅडम’ऐवजी तसेच लिहावे. ‘तू’ला ‘ती’ आणि ‘तुम्ही’ला ‘वी’ असे दोन वेगळे शब्द त्यांच्याकडे आहेत, आणि ‘वी’वरून ‘ती’वर कधी यायचे हे वयाने वा पदाने मोठ्या व्यक्तीला ठरवू देणे इष्ट. कार्यालयातील लोक अलेक्सांद्र यांना ‘साशा’ म्हणताना ऐकले म्हणून पहिल्याच दिवशी आपणही तसे म्हणू नये. साशा हे स्त्रीचेही लाडके नाव असू शकते, हेही ध्यानात असावे.

आपल्या नावांचे काय होते, तेही सांगितले पाहिजे. रशियनमध्ये ‘ह’ हा उच्चार नेमका नाही, त्यामुळे तो कधी ‘ख’ होतो, कधी ‘ग’ होतो, तर कधी गळून पडतो. जवाहरलाल नेहरू तिकडे ‘जवाखरलाल नेरू’ होतात. म्हणून पासपोर्ट, करार आणि मुखत्यारपत्र या सर्वांत आपल्या नावाचे रशियन लेखन अक्षरशः एकच असावे.

आता मुख्य मुद्दा. चाकणच्या एका कारखान्यातील बैठकीत रशियन अभियंत्याने विचारले, “पंधरा तारखेपर्यंत चाळीस नमुने मिळतील का?” मालक मान डोलावत म्हणाले, “हो हो, होऊन जाईल.” आमच्या दुभाष्याने ‘हो’ असे भाषांतर केले, अभियंत्याने वहीत १५ हा आकडा लिहून त्याभोवती गोल काढला आणि वही मिटली. सोळा तारखेला सकाळी नमस्कार-चमत्कार काही नसलेला एका ओळीचा मेल आला : “नमुने कुठे आहेत?” मालकांना तो अपमान वाटला आणि अभियंत्याला आपण फसवले गेलो असे वाटले; वास्तविक मालकांना ‘प्रयत्न करतो’ एवढेच म्हणायचे होते. तेव्हापासून आमचे दुभाषी बैठकीतच “म्हणजे नक्की का?” असे विचारतात, आणि त्याबद्दल ग्राहकांनी रागावू नये अशी आमची विनंती आहे. होणार नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि कारण द्यावे. कारण पटले की रशियन माणूस तारीख बदलायला बसतो, पण मान डोलावणे त्याला कळत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. त्यांचे ‘न्येत’, म्हणजे ‘नाही’, हे ऐकायला कठोर वाटले तरी पुष्कळदा बोलण्याची ती सुरुवात असते. ‘नियमात बसत नाही’ या उत्तरावर ‘मग कसे बसेल?’ असे शांतपणे विचारले, तर तोच माणूस वाट दाखवतो. याउलट ‘नादा पदूमात्’, म्हणजे ‘विचार करावा लागेल’, हे सौम्य वाक्य ऐकून हुरळून जाऊ नये. आपल्या ‘बघू’शी त्याचे जवळचे नाते आहे. चेहऱ्यावर हसू नाही म्हणून माणूस नाराज आहे, असेही समजू नये. अनोळखी माणसाकडे पाहून उगाच हसणे तिकडे उथळ मानले जाते.

मॉस्कोची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, मात्र नोव्होसिबिर्स्क दीड तास आणि व्लादिवोस्तोक साडेचार तास पुढे आहे. तेव्हा कारखाना कुठे आहे ते आधी विचारावे. २५ डिसेंबर तिकडे कामाचा दिवस असतो, कारण त्यांचे चर्च जुन्या, तेरा दिवस मागे चालणाऱ्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला नाताळ पाळते. परंतु १ ते ८ जानेवारी कार्यालये बंद असतात आणि मेच्या पहिल्या दहा दिवसांतही कामे रेंगाळतात. आकड्यांबाबत विशेष सावधगिरी हवी : तिकडे स्वल्पविराम दशांशचिन्ह म्हणून वापरतात, त्यामुळे आपण लिहिलेले २,५०० त्यांना अडीच वाटू शकते. लाख आणि कोटी त्यांना ठाऊक नाहीत. काम झाल्यावर दोन्ही पक्षांच्या सह्यांचा ‘आक्त’, म्हणजे काम स्वीकारल्याचा कागद, त्यांच्या हिशेब विभागाला हवा असतो. गोल शिक्क्याची कायदेशीर सक्ती बहुतेक कंपन्यांना २०१५ पासून उरलेली नाही, तरी तो मारलेला असला की फोन कमी येतात.

दिवाळीची भेट पाठवताना खोक्यावर, पत्रिकेवर किंवा शुभेच्छापत्रावर स्वस्तिक नसेल याची खात्री करावी. आपल्याकडे ते मंगलचिन्ह आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली, नाझी चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर रशियन कायद्याने बंदी आहे, आणि ९ मे हा विजयदिन घरोघरी आजही जिव्हाळ्याचा आहे. खोके उघडणाऱ्याला आपले स्पष्टीकरण सुचण्याआधीच धक्का बसतो.

जेवणाच्या टेबलावर शाकाहारी ग्राहकांची अडचण होते, कारण ‘मांस नाही’ असे सांगून आणलेले सूपही मांसाच्या पाण्यात शिजवलेले असू शकते. अशा वेळी ‘पोस्नाये’ म्हणजे उपवासाचे पदार्थ मागावेत. त्यांच्या मोठ्या उपवासात मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात, मासे मात्र काही दिवशी चालतात, तेवढे विचारून घ्यावे. मद्य घेत नसाल तर पहिल्याच पेल्याला तसे सांगावे आणि फळांच्या सरबताचा पेला उंचावून शुभेच्छांच्या चार शब्दांत भाग घ्यावा. तिसऱ्या पेल्यानंतर माघार घेणे अवघड जाते. गप्पांना विषय हवा असल्यास अफनासी निकितिनची आठवण काढावी. त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला, विक्रीचा घोडा घेऊन जुन्नरला गेला आणि तिथल्या अधिकाऱ्याने तो घोडाच काढून घेतला होता. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे.

घरी बोलावले तर फुले विषम संख्येत न्यावीत, कारण सम संख्या अंत्यविधीसाठी असते. उंबरठ्यावरून हात मिळवू नये, आत जाऊन आणि हातमोजा काढून मिळवावा. जोडे बाहेर काढायचे, हे आपल्याला सांगावे लागत नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र आदल्या दिवशी देऊ नयेत. तो अपशकुन मानतात.

दुभाषी हवा असल्यास बैठकीच्या किमान चार दिवस आधी विषयपत्रिका, यंत्रांचे आराखडे आणि समोरच्या सर्वांची वडिलांच्या नावासह पूर्ण नावे आमच्याकडे पाठवावीत.