विजोड (ख्रिस्ती नीतिशास्त्र)

विवाह, जिवलग मैत्री, भागीदारी अशी माणसाला आतून घडवणारी नाती ख्रिस्ती व्यक्तीने सहविश्वासूंशीच जोडावीत, ही शिकवण. तिचा नेहमीचा आधार म्हणजे नव्या करारातील करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले (६:१४) प्रेषित पौलाचे सांगणे: विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका. मराठीत ‘विजोड’ म्हटले की जोडपेच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे हे वचन लग्नाचेच आहे असे वाचणारा धरून चालतो. मूळ ग्रीक शब्द शेतातला आहे. ‘हेटेरोझुगेओ’ म्हणजे वेगळ्या जातीच्या जनावराबरोबर एका जुवाला जुंपले जाणे. नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी आढळतो, आणि त्या परिच्छेदात लग्नाचे नावही नाही. विषय आहे मूर्ती आणि देवाचे मंदिर यांचा.

प्रतिमेचे मूळ जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (२२:१०) आहे: बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नये. बैलाचा खांदा उंच, गाढव बुटके. एकाची ढांग लांब, दुसऱ्याची आखूड. जू एका अंगाला कलते, मान सोलवटते, तास वाकडे जाते. यात गाढवाची निंदा नाही. प्रवचनांत मात्र ती बरेचदा शिरते आणि विश्वास नसलेला माणूस म्हणजे कमअस्सल माणूस, असा सूर लागतो. जुवाचा मुद्दा दोघांनी एकच ओझे एकाच दिशेने ओढण्याचा आहे.

पौलाने स्वतःच या शिकवणीला कुंपण घातले आहे. जगातल्या लोकांशी संबंधच नको म्हटले तर जगातूनच निघून जावे लागेल, असे तो सांगतो (१ करिंथ ५:१०). आधीच लग्न झालेले असेल आणि विश्वास नसलेला जोडीदार नांदायला राजी असेल, तर त्याला सोडू नये (७:१२-१३). विधवेने पुन्हा लग्न करायला हरकत नाही, फक्त ते ‘प्रभूमध्ये’ असावे (७:३९). म्हणजे जुळलेले नाते आणि जुळवायचे नाते यांना एक माप नाही. लग्नानंतर तो विश्वासात येईलच, या आशेने पुढे जाणाऱ्या मुली १ पेत्र ३:१ चा हवाला देतात: पत्नीच्या वागण्याने नवरा विश्वासाकडे वळू शकतो. ते वचन आधीच संसारात असलेल्या स्त्रियांना उद्देशून आहे. वाईट संगतीने नीती बिघडते, हे पौलाचे वाक्य (१ करिंथ १५:३३) मेनांडर या ग्रीक विनोदी नाटककाराचे मानले जाते. संगतीपासून सावध करणारी ओळ परधर्मीय रंगभूमीवरून यावी, हे गमतीचेच.

जुन्या करारात परक्या बायकांनी शलमोन राजाचे मन इतर देवांकडे वळवल्याची कथा आहे, एज्रा या शास्त्र्याच्या काळी अशा बायकांना घालवून दिल्याची नोंद आहे, आणि शेजारीच परक्या मवाब देशातली रूथही आहे, दावीद राजाची पणजी. पौलाने एज्राचा उपाय उचलला नाही.

या नात्यातली रोजची ओढाताण कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने सुमारे २०० साली पत्नीला उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात जवळून दाखवली आहे. बायकोचा उपवास, नेमका त्याच दिवशी नवऱ्याने मेजवानी ठेवलेली. पास्काच्या (ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या) जागरणाला ती रात्रभर बाहेर राहिली तर तो निवांत झोपेल का? अंथरुणावर क्रुसाची खूण केली तर त्याला जादूटोणा वाटणार; जेवणाआधी ती प्रभुभोजनाची भाकर गुपचूप तोंडात घालते, तेव्हा ते काय, हेही तो विचारणार. सुमारे ३०५ सालच्या स्पेनमधल्या एल्विरा धर्मसभेने तर मुली पुष्कळ आहेत एवढ्या कारणाने त्या परधर्मीयांना देऊ नयेत असा नियम केला. म्हणजे स्थळांची अडचण तेव्हाही होती. तरीही अशाच मिश्र घरांतून मोठी माणसे आली: पौलाचा सहकारी तीमथ्य याचा बाप ग्रीक होता आणि धर्मशास्त्री ऑगस्टीनचा बाप पॅट्रिशियस याने आयुष्याच्या अखेरीस बाप्तिस्मा घेतला.

पुढे नियम पक्के झाले. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर या प्रोटेस्टंट विश्वासपत्रकाने ‘प्रभूमध्ये’च लग्न करण्याचे कर्तव्य लिहून ठेवले. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या संहितेनुसार बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी झालेले लग्न खास सूट घेतल्याशिवाय ग्राह्य नसते. दुसऱ्या पंथाच्या बाप्तिस्मा झालेल्या व्यक्तीसाठी परवानगी लागते. क्वेकर मंडळी तर पंथाबाहेर लग्न करणाऱ्याचे सदस्यत्व काढून घेत. त्यात सभासद घटत गेले आणि ब्रिटनमध्ये १८६० च्या सुमारास हा नियम सैल करावा लागला.

मैत्रीबाबत असे कायदे झाले नाहीत, कारण मैत्रीची नोंदणी होत नाही. माझ्या मते या शिकवणीचा अधिक कसदार भाग इथेच आहे, कारण नकारापेक्षा जोडणीचा विचार इथे झाला. बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या रिव्हो मठाचा प्रमुख एलरेड याने आध्यात्मिक मैत्रीवर संवाद लिहिला. सुरुवातीलाच तो समोरच्याला म्हणतो, की तू आणि मी इथे आहोत, आणि आपल्यात तिसरा ख्रिस्त असावा. मित्र निवडावा, पारखावा, मगच मन उघडावे, हा त्याचा क्रम. जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट मंडळींत १७४२ पासून सुमारे बारा-बारा जणांचे वर्ग आले. ब्रिस्टलमधल्या सभागृहाचे कर्ज फेडायला आठवड्याला एक पेनी गोळा करायची, एवढाच मूळ हेतू. वर्गनायक पैशासाठी दारोदार जाऊ लागला आणि कोणाच्या घरी काय चालले आहे ते त्याला दिसू लागले. मग पेनीबरोबर तो आणखी एक गोष्ट विचारू लागला: तुमच्या आत्म्याचे कसे चालले आहे?