घाबरलेल्या मुलाला ‘मोठा श्वास घे’ सांगू नका

प्रार्थनेच्या रांगेत एक मुलगी चक्कर येऊन पडते. थोड्या वेळात आणखी दोघी-तिघी. कुणाच्या हातापायांना मुंग्या येतात, कुणाची बोटे वाकडी होतात. गावात संध्याकाळपर्यंत ‘भानामती’ हा शब्द फिरू लागतो. तिकडे शाळेत सगळे सांगत असतात, ‘मोठा श्वास घे, बाळा!’ नेमका हाच सल्ला त्रास वाढवतो.

ऑक्सिजन कमी पडला म्हणून चक्कर आली, हा समज खोलवर रुजलेला आहे. पण निरोगी मुलाच्या रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनने 97-98 टक्के भरलेलेच असते; धापा टाकून त्यात भर ती किती पडणार? घाबरून भराभर श्वास घेतला की बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब साधारण 40 मिलिमीटर पारा असतो. तो एका मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा सुमारे तीन टक्क्यांनी घटतो, कारण मेंदूतल्या सूक्ष्म धमन्या या वायूच्या प्रमाणावरच रुंद-अरुंद होतात. दाब 20 पर्यंत आला तर पुरवठा जवळजवळ निम्मा! म्हणजे फुप्फुसात हवा भरपूर, आणि डोळ्यांपुढे अंधारी.

मुंग्यांचे कारण आणखी गमतीचे आहे. कार्बन डायऑक्साइड गेला की रक्त किंचित अल्कधर्मी होते. अल्ब्युमिन या प्रथिनावरचे हायड्रोजन आयन सुटतात आणि रिकाम्या जागी कॅल्शियमचे आयन चिकटतात. एकूण कॅल्शियम तेवढेच, पण मोकळे कमी. मोकळे कॅल्शियम घटले की चेतापेशींचे सोडियमचे दरवाजे जरा जास्तच सहज उघडतात, आणि कारण नसताना संदेश सुटू लागतात. ओठ-बोटांना मुंग्या, मग पंजा आखडणे. ही वाकडी बोटे पाहून मांत्रिकाला बोलावणाऱ्यांनी आधी हे रसायन समजून घ्यावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही.

आणि हे फक्त आपल्याकडचे नाही. ऑक्टोबर 1965 मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका मुलींच्या शाळेतून 85 मुलींना रुग्णवाहिकेतून रुग्णालयात न्यावे लागले. आदल्या दिवशी एका समारंभात बराच वेळ उभे राहून काही जणींना चक्कर आली होती. दुसऱ्या दिवशी तीच चर्चा आणि तीच भीती. 1966 मध्ये निदान छापून आले: अतिश्वसनाची, म्हणजे घाबरून गरजेपेक्षा जास्त श्वास घेण्याची साथ. मुली नाटक करत नव्हत्या, लक्षणे खरीच होती.

मग करायचे काय? आधी खरा आजार नाही ना, हे पाहा. ताप, उलट्या, प्रयोगशाळेतला वायू, पोषण आहारातली गडबड, दमा, मधुमेह, छातीत दुखणे यांपैकी कशाचीही शंका असेल तर थेट डॉक्टर. श्वासाचे प्रयोग नकोत. तसे काही नसेल तर मुलीला गर्दीतून वेगळ्या खोलीत बसवा, सोबत एकच शिक्षिका. बघ्यांची गर्दी आणि मोबाइलचे चित्रीकरण यांनी साथ पसरते, कारण बघणाऱ्यांचाही श्वास वाढतो. नाकाने चार आकडे मोजत हलका श्वास आत, ओठ आवळून सहा आकडे मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटे. भर सोडण्यावर, भरण्यावर नाही. उच्छ्वास लांबला की व्हेगस चेतेमुळे हृदयाचे ठोकेही थोडे मंदावतात. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय टाळा. दमा असलेल्या मुलाचा ऑक्सिजन त्याने धोकादायक खाली जाऊ शकतो.

आकडे मोजणाऱ्या बाईंचा स्वतःचाच श्वास वर गेला असेल तर मात्र हे जमत नाही. मुले सूचनेपेक्षा चेहरा आधी वाचतात. म्हणून बाईंनी आधी स्वतः दोन-तीन लांब उच्छ्वास सोडावेत, आणि प्रकार निवळल्यावर त्यांचा पुढचा तास दुसऱ्या कुणी घ्यावा. लगेच ‘बाई, दहावी ब वर जा’ नको. एकाच मुलीला पुन्हा पुन्हा होत असेल तर परीक्षा, घर, छेडछाड यांची चौकशी एकांतात करा. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते, आणि तो शिक्षकांनाही चालतो.