लॅपटॉपचे स्क्रू कुठे गेले?

टिकाऊ, सहज दुरुस्त होणारा, पर्यावरणाला कमी जड जाणारा लॅपटॉप हे भविष्यातलं स्वप्न असल्यासारखं बोललं जातं. पण असे लॅपटॉप होऊन गेले आहेत आणि आपल्यापैकी अनेकांनी ते वापरलेही आहेत.

आयबीएमने १९९२ मध्ये थिंकपॅड बाजारात आणला. त्याच्या पुढच्या अनेक मॉडेलांत तळाच्या स्क्रूंशेजारी बारीक चिन्हं असत. कीबोर्डचं चिन्ह असलेले स्क्रू काढले की कीबोर्ड सुटायचा, रॅमचं, म्हणजे मेमरीचं, चिन्ह असलेले काढले की रॅम. बॅटरी नुसता खटका सरकवून निघायची. मशीन कसं उघडायचं याचं मॅन्युअल सर्वांसाठी खुलं होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत दुरुस्तीचा धंदा फोफावला तो अशा रचनेमुळेच.

याच वाटेवरचा सर्वात धाडसी प्रयोग म्हणजे गरीब देशांतल्या शाळकरी मुलांना स्वस्त लॅपटॉप देऊ पाहणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. अमेरिकी संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपॉण्टे यांच्या या प्रकल्पाचा भारतातला पहिला पथदर्शी प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरातच्या शाळेत झाला. रबरी कीबोर्ड धूळपाण्याला दाद देत नसे, पडद्यावरचं भर उन्हात वाचता येई आणि वीज अगदी कमी लागे. मुलांनी मशीन स्वतः उघडावं म्हणून हँडलमध्ये जादा स्क्रूसुद्धा ठेवलेले होते. शैक्षणिक योजना म्हणून एक्सओवर झालेली टीका बरीचशी रास्त होती. यंत्र म्हणून मात्र त्याची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे.

मग वारं फिरलं. जानेवारी २००८ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला आणि जाडी हाच स्पर्धेचा मुद्दा झाला. २०११ मध्ये चिप बनवणाऱ्या इंटेलने ‘अल्ट्राबुक’ या पातळ लॅपटॉपांच्या वर्गासाठी जाडीची मर्यादाच घालून दिली. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली होती आणि रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे डाक देऊन कायमची जोडलेली. उपकरणं उघडून दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटने त्याला दुरुस्तीसाठी १० पैकी १ गुण दिला. त्याच वर्षी ॲपलने ‘ईपीट’ या पर्यावरणविषयक नोंदणीतून आपली उत्पादनं काढून घेतली. सॅन फ्रान्सिस्को शहराने ॲपलच्या संगणकांची खरेदी थांबवण्याचा इशारा दिला आणि काही दिवसांतच कंपनी परतली. सरकारी खरेदीत केवढी ताकद असते, हे त्यातून दिसलं.

रॅम सोल्डर करण्यामागे तांत्रिक कारणही आहे, ते नाकारून चालणार नाही. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते. मधलं अंतर वाढलं की त्या वेगाला सिग्नल बिघडतो. जुन्या पद्धतीच्या खाचेत ती बसवणं म्हणूनच अवघड होतं. डेलमध्ये सुरू झालेल्या कामातून पुढे एलपीकॅम२ हे मानक आलं. यात मेमरीची चपटी पट्टी बोर्डावर दाबून स्क्रूंनी आवळतात. २०२४ च्या थिंकपॅड पी१ मध्ये ती आली. पातळपणा हवा तर दुरुस्ती विसरा, हा युक्तिवाद आता टिकत नाही.

फ्रेमवर्क कंपनीने २०२१ मध्ये हा विचार अख्ख्या मशीनला लावला. सोबत स्क्रूड्रायव्हर, सुट्या भागांवर क्यूआर कोड, आणि काही वर्षांनी फक्त मुख्य बोर्ड बदलून तोच सांगाडा पुढे वापरण्याची सोय. हे महत्त्वाचं आहे, कारण लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच होऊन गेलेला असतो. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचं रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. मशीनचं वय वाढवणं हाच पहिला उपाय ठरतो.

फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना त्याचे दुरुस्ती-गुण, म्हणजे तो दुरुस्त करणं किती सोपं याचे गुण, दाखवणं सक्तीचं केलं. भारतात ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं आणि अशाच गुणांच्या ‘दुरुस्ती निर्देशांका’वरच्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. पहिल्या टप्प्यात त्यात स्मार्टफोन आणि टॅबलेट आहेत. लॅपटॉप लवकर यायला हवा, आणि गुणांसोबत सुटे भाग व सर्किटचे नकाशे कंपनीबाहेरच्या कारागिरांनाही मिळायला हवेत.